तीन जॅकेटं आणि एक बत्ता

योकोहामातल्या एका जुन्या व्यापारी कंपनीत नीलकंठ सबनीस गेली पंचवीस-तीस वर्षं कपडे बघतो. विकत घेत नाही हो, नुसते बघतो. कारखान्यातून कोटाचा नमुना आला की तो आधी नीलकंठच्या टेबलावर पडतो, आणि नीलकंठ तो पहिल्यांदा उलटा करतो. बाहेरून काय, कुणीही छान शिवतं. तो अस्तर चाचपतो, बाहीच्या मुंढ्यात बोटं घालून बघतो, शिवण दोन्हीकडून ओढतो, आणि मग कोट अंगात चढवून खोलीभर नाचतो. नाचतो हा शब्द त्याच्या बायकोचा, विभाचा. बसायचं, उठायचं, वाकून बुटाची नाडी बांधायची, कुणी हाक मारल्यासारखं मागे वळायचं, आणि शेवटी दोन्ही हात सरळ डोक्यावर न्यायचे. हात वर गेले की कपड्याला खोटं बोलता येत नाही, असं तो ऑफिसातल्या नव्या पोरांना सांगतो. नवी पोरं माना डोलावतात आणि पाठ वळली की हसतात.

घरचंही कुणी या नाचातून सुटलं नाही. मुलगा क्षितिज तर नाहीच नाही. बालवाडीचा युनिफॉर्म असो की शाळेच्या सहलीचा रेनकोट, दिवाणखान्यात उभं राहून "क्षितू, हात वर" ऐकायचं आणि बाबा "खाली" म्हणेपर्यंत तसंच ताटकळायचं. पोरगं कंटाळायचं, पण हात खाली आणायचं नाही. तेवढी शिस्त होती.

आता तो चोवीस वर्षांचा आहे आणि ह्यूस्टनला नोकरी करतो. त्याचा जन्म न्यू जर्सीतला, कारण त्या वेळी कंपनीनं नीलकंठला दोन वर्षं तिकडे धाडलं होतं. पासपोर्ट अमेरिकेचा, वाढला योकोहामात, कॉलेजला तिकडे गेला तो गेलाच. रविवारी फोन करतो. आईशी बोलतो, म्हणजे आई मराठीत विचारते आणि हा अर्धं इंग्रजीत, अर्धं जपानीत उत्तर देतो. मग फोन बाबांकडे येतो. "बरा आहेस?" "हो." "जेवलास?" "हो." झालं. मराठी तो आईचं ऐकून शिकला, त्यामुळे बापाला 'अहो बाबा' म्हणतो. ऐकणारे हसतात. नीलकंठला ते फार आवडतं, पण हे त्यानं कधी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि एक गोष्ट त्याला डाचायची. पोरगं त्याला काही विचारतच नसे. नोकरीच्या मुलाखतीचा सूटसुद्धा क्षितिजनं आपला आपण घेतला. फोटोत खांदा सरळसरळ उतरलेला दिसत होता. नीलकंठ गप्प बसला. विचारलं असतं तर सांगितलं असतं ना!

तर अशा माणसाला नोव्हेंबरातल्या एका सकाळी, ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये, मेसेज आला. 'अहो बाबा, तीन जॅकेटं पाठवतोय. कुठलं घेऊ सांगा. तुम्ही म्हणाल ते घेतो.' खाली तीन लिंका.

तुम्ही म्हणाल ते घेतो! नीलकंठनं ते इतक्या वेळा वाचलं की उतरायचं स्टेशन मागे राहिलं आणि पुढच्या स्टेशनावरून उलटं यावं लागलं. ऑफिसात पोचल्यावर त्यानं टेबलावरचे नमुने बाजूला सारले, मोठ्या पडद्यावर ती तीन जॅकेटं उघडली, आणि बघता बघता बुचकळ्यात पडला.

कपडे तसे साधे होते. पहिलं डेनिमचं, दुसरं जाड सुती, तिसरं गडद करड्या रंगाचं, हलकं आणि सुरेख कापलेलं. पण आत काय भानगड होती ती कळेना. आत दोन्ही बाजूंना हे एवढाले कप्पे. वही मावेल इतके रुंद, कडक अस्तराचे, आणि कप्प्यात वेल्क्रोचा एक पट्टा. बरं, कप्पा आत आणि त्याची चेन बाहेर! बाहेरून हात घातला की थेट आतल्या कप्प्यात. पानावर लिहिलं होतं, 'कन्सील्ड कॅरी'. लपवून न्यायचं. पण काय न्यायचं? खाली लिहिलं होतं, चटकन हाती येतं, कुणाला पत्ता लागत नाही. फोटोतला दाढीवाला माणूस हात खिशात घालून मस्त हसत होता आणि त्याच्याजवळ न्यायला काहीच दिसत नव्हतं.

त्यानं साकामोतो-सानना बोलावलं. या बाई पलीकडच्या टेबलावर कागदी पॅटर्न कापतात, आणि खिशाच्या बाबतीत त्यांचा शब्द ऑफिसात शेवटचा. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याला नाक लावलं.

"टॅब्लेट?" त्या म्हणाल्या.

"मग पट्टा कशाला?"

"पट्टा..." बाई विचारात पडल्या आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "सबनीस-सान, हे आपत्तीचं जॅकेट आहे! भूकंपासाठी. बघा, पट्ट्यात टॉर्च. उजवीकडे पाण्याची बाटली. इथे पासबुक. माझ्या सासूबाई त्या मोठ्या भूकंपापासून पासबुक पोटाशी बांधून झोपतात. त्यांना हे दाखवायला हवं."

आणि काय सांगू, दोघांनाही ते शंभर टक्के पटलं. इथे काय, दुकानादुकानांत तसलं सामान विकायला असतं. शिट्टी लावलेल्या बनियनी, दहा खिशांची जाकिटं, सतरा प्रकार. साकामोतो-साननी चेन बाहेरून असण्याचंही कारण लगेच शोधलं: ढिगाऱ्याखाली अडकलात तर जॅकेट उघडायला जागा नसते. हुशार लोक हो अमेरिकन, असं त्या म्हणाल्या.

नीलकंठ मात्र पुढचं ऐकतच नव्हता. पोराला आठवण आहे तर!

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये तो मोठा भूकंप झाला तेव्हा क्षितिज पाचवीत होता. नीलकंठ कावासाकीतल्या एका शिवणकारखान्यात होता. गाड्या बंद, फोन लागेना, विभा त्या आठवड्यात भावाच्या लग्नासाठी पुण्याला गेलेली. इथल्या शाळा अशा वेळी मूल आईबापांच्याच हाती देतात, दुसऱ्या कुणाच्या नाही. तो चालत निघाला तो अंधार पडल्यावर शाळेत पोचला. व्यायामशाळेत पोरं रांगेनं बसली होती, प्रत्येकाच्या डोक्यावर जाड टोपडं. जपानी शाळेत प्रत्येकाच्या खुर्चीवर ते असतं. एरवी त्यावर बसायचं, जमीन हलली की डोक्यावर ओढायचं. दुकानातल्या टोपड्यात कापूस कमी असतो म्हणून नीलकंठनं क्षितिजचं स्वतः शिवलं होतं, दुप्पट भरून, दुहेरी टीप मारून. ते इतकं फुगलेलं होतं की वर्गातली पोरं त्याला भोपळा म्हणायची. त्या संध्याकाळी बापाला बघून भोपळा उठला, रडला नाही, काही नाही, म्हणाला, "अहो बाबा, माझं सगळ्यात जाड आहे."

हे सगळं आठवून नीलकंठनं तिथल्या तिथे उत्तर पाठवलं. 'वरवर बघता तिसरं चांगलं वाटतं. पण हाताळल्याशिवाय सांगणार नाही. टॉर्च कुठला ठेवणार आहेस? लांबी कळव.'

क्षितिजचं उत्तर यायला वेळ लागला. 'टॉर्च नाही बाबा. पिस्तूल.'

आता इथे दुसरा एखादा बाप असता तर ओरडला असता, नाहीतर मटकन खाली बसला असता. नीलकंठनं पडद्यावरचा तो कप्पा पुन्हा बघितला. पट्टा, कडक अस्तर, बाहेरची चेन, सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं, आणि त्याच्या डोक्यातलं बाकी सगळं हललं. तो जिन्यात गेला आणि त्यानं फोन लावला.

"कुणाचं पिस्तूल?"

"माझं."

"तुझं म्हणजे? तुला कशाला हवं? तू कॉम्प्युटरवर काम करतोस ना?"

मग क्षितिजनं सांगितलं. उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर एक माणूस आला, त्यानं पिस्तूल कानाला लावलं, फोन आणि पाकीट घेतलं आणि गेला. एवढंच. लागलं काही नाही. गार होतं, असं मात्र तो दोनदा म्हणाला. बाहेर एवढं उकडत होतं आणि ते गार होतं.

"उन्हाळ्यात?" नीलकंठ म्हणाला. "आणि हे आज सांगतोयस? प्रत्येक रविवारी बरा आहेस का विचारतो, तर हो म्हणतोस!"

"बरा आहे म्हणून हो म्हटलं. आईला नका सांगू."

"अरे पण..."

"ऑफिसात निम्म्या लोकांकडे आहे, बाबा. मी शिकलोय रीतसर. गाडीत ठेवत होतो. आता थंडी आली, तर जॅकेटात ठेवेन. तुम्हाला कळतं यातलं, म्हणून विचारलं. ते टोपडं नाही का तुम्ही शिवलं होतं?"

नको म्हणावं, तर ते घेऊन झालं होतं. घाबरू नकोस म्हणावं, तर कुठल्या तोंडानं? त्याच्या कानाला कुणी काही लावलं नव्हतं. शिवाय आत कुठेतरी, सांगायलाही लाज वाटावी असा, आनंद होताच की पोरानं आपल्याला विचारलं. या सगळ्या गुंत्यातून त्याच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडलं, आणि तेही कसलं!

"वजन किती?"

"पाऊण किलो असेल."

"कुठल्या बाजूला ठेवणार?"

"डाव्या."

"बघतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्यानं बघितलंही. माणसाला जे येतं तेच तो करतो. नीलकंठची कामाची पद्धत अशी की नवा खिसा असेल तर आधी आपल्याच जुन्या कोटावर कच्च्या टाक्यांनी तो बसवायचा, त्यात जे ठेवायचं तेवढ्या वजनाचं काहीतरी ठेवायचं, आणि घालून दिवसभर हिंडायचं. शनिवारी विभा बाहेर गेल्याबरोबर त्यानं तिसऱ्या जॅकेटच्या फोटोवरून कप्पा कापला आणि आपल्या करड्या जॅकेटला आतून शिवला. आता वजन. जपानात पिस्तूल म्हटलं की पोरांच्या खेळण्यातलं, प्लॅस्टिकचं, त्याला वजन कसलं? तो स्वयंपाकघरात शिरला. लाटणं फार लांब. सांडशी हलकी. मग फडताळात दिसला विभाचा पितळी खलबत्ता, तुळशीबागेतून लग्नात आलेला. त्यानं बत्ता तराजूवर ठेवला. पाऊण किलोला थोडासाच कमी. मूठसुद्धा तशीच जाड. त्यानं तो पट्ट्यात अडकवला, वेल्क्रो दाबलं आणि बाहेर पडला.

बंदराकाठच्या बागेत झाडं पिवळी झाली होती. नीलकंठ आधी नुसता चालला. डावा खांदा ओढतोय का? ओढतोय, पण थोडा. मग तो बाकावर बसला. उठला. पुन्हा बसला. नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मागे वळून बघितलं. बत्ता बरगडीला टोचत होता, पण बाहेरून काही दिसत नव्हतं, आणि हे त्याला चांगलं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. त्यानं दोन्ही हात वर केले. खाली केले. वर केले.

"माफ करा," मागून आवाज आला. "जरा बोलू शकतो का?"

पोलीस होता. तरुण, सायकल हातात धरलेला, अतिशय नम्र. बागेत फिरणाऱ्या एका बाईंना जरा काळजी वाटली, असं तो म्हणाला. तब्येत बरी आहे ना? आणि हरकत नसेल तर रेसिडेन्स कार्ड दाखवता का?

इतकी वर्षं जपानात राहिलेल्या परदेशी माणसाचा हात कार्ड म्हटलं की आपोआप छातीशी जातो. नीलकंठचाही गेला. पाकीट जुन्या आतल्या खिशात होतं, आणि त्याच्यावर आज नवा कप्पा बसवलेला. त्यानं जॅकेटात हात खुपसला, चाचपलं, बोटांना बत्ता लागला, आणि तोंडचं पाणी पळालं. घाबरून तो हात बाहेर काढायचं विसरला आणि आतल्या आत धडपडत राहिला.

त्यानं वर पाहिलं तर पोलीस त्याच्यासमोर किंचित वाकून उभा होता, दोन्ही हात पुढे धरून. इथे कार्ड असंच घेतात, दोन्ही हातांनी. समोरचा परका माणूस छातीशी हात घालून काहीतरी उपसतोय आणि हा पोलीस ओंजळ पुढे करून थांबलाय.

नीलकंठनं काय करावं? त्यानं बत्ता काढला आणि त्या ओंजळीत ठेवला.

पोलिसानं तो दोन्ही हातांनी नीट घेतला. उलटापालटा केला. मग, का कुणास ठाऊक, त्यानं त्याचा वास घेतला.

"गोड वास आहे," तो गोंधळून म्हणाला.

"वेलची," नीलकंठ म्हणाला. "बायको कुटते. चहासाठी."

"आणि आपण तो... फिरायला घेऊन आलात?"

यावर खरं सांगावं की काहीतरी थाप मारावी, हेही नीलकंठला ठरवता येईना, म्हणून त्यानं खरं सांगितलं. की मुलगा अमेरिकेत आहे, त्यानं जॅकेट निवडायला सांगितलंय, त्यात तो एक वस्तू ठेवणार आहे, तिचं वजन एवढं. पोलिसानं वस्तू कुठली ते विचारलं. नीलकंठनं सांगितलं. त्या पोलिसाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून नीलकंठला जरा बरंच वाटलं. आपण एकटेच नाही, असं.

"काळजी वाटत असेल," पोलीस शेवटी म्हणाला. नीलकंठनं आता काढून दिलेलं कार्ड त्यानं बघितलं, दोन्ही हातांनी परत दिलं, मग बत्ताही तसाच परत दिला, आणि असल्या वस्तू पिशवीतून न्याव्यात अशी विनंती केली. वाकून नमस्कार करून तो सायकलवरून गेला.

नीलकंठ बाकावर बसला. त्यानं पुन्हा जॅकेटात हात घालून बघितलं. एवढंच तर केलं होतं आपण. इथे एवढं केल्यावर माणसानं ओंजळ पुढे केली. तिथे क्षितिजनं हेच केलं, लायसन काढायला म्हणून हात आत घातला, तर समोरचा पोलीस काय पुढे करेल? आणि क्षितिज तर काळासावळा, केस वाढलेला, गडबडला की आधी जपानीत बोलणारा. बागेतल्या बाकावर, भर दुपारी, नीलकंठ सबनीसला आपल्या मुलासाठी रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही.

घरी आला तर विभा ओट्याशी उभी. समोर खल, खलात वेलच्या.

"अहो, माझा बत्ता कुठाय?"

त्यानं जॅकेटातून काढून दिला.

"तो तुमच्या कोटात काय करत होता?"

आईला नका सांगू, असं बजावलं होतं. पण आता थाप तरी कुठली मारणार? त्यानं पंपापासून पोलिसापर्यंत सगळं सांगितलं. विभा खुर्चीवर बसली. बत्ता तिनं मांडीवर धरला होता.

"कुठल्या कानाला?" तिनं विचारलं.

"काय?"

"कुठल्या कानाला लावलं त्यानं?"

"ते नाही विचारलं गं."

"वजन विचारलंत आणि हे नाही विचारलंत." त्याला वाटलं, आता ही म्हणेल की सांगा त्याला, फेकून दे ते. तेवढ्यासाठीच तर त्यानं सांगितलं होतं. कुणीतरी एक काय ते म्हणावं. पण विभा म्हणाली, "निवडा. चांगलं निवडा."

"अगं, काय बोलतेस?"

"तुम्ही नाही निवडलंत तर तो काय ते परत देणार आहे? कुठलं तरी भलतंच घेईल. त्यातून दिसलं म्हणजे? ज्याला दिसेल तो आधी माझ्याच पोराला मारेल. लपवायचंय ना? मग नीट लपू दे." आणि मग तिचा आवाज फुटला. "मला नाही हो कळत काही. तुम्हाला तरी कपड्यातलं कळतं."

नीलकंठचा होता नव्हता तेवढा आधारही गेला. तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. विभाचं पटत होतं. पोलिसाची ओंजळही डोळ्यांपुढून जात नव्हती.

रविवारी सकाळी क्षितिजचा फोन आला, पडद्यावरचा. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. विभानं टॅब्लेट खलाला टेकवून जेवणाच्या टेबलावर उभा केला. क्षितिजनं तिन्ही जॅकेटं मागवून घेतली होती. तिकडे म्हणे घालून बघायची आणि नको ती परत पाठवायची.

"हाताळल्याशिवाय सांगणार नाही म्हणालात ना? मग मी हाताळतो, तुम्ही बघा," तो म्हणाला. आईकडे त्यानं बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. "बाबा, सांगितलंत?"

"कुठला कान?" विभानं विचारलं.

"उजवा," तो हळूच म्हणाला. तिनं मान हलवली आणि पदर नसलेल्या कुडत्याच्या टोकानं डोळे पुसले.

मग काम सुरू झालं. दुसरं काय करणार होते तिघं? पहिलं जॅकेट मुंढ्यात काचत होतं. दुसऱ्याचा घेर सुटलेला, दारात उभा राहिला तरी डावी बाजू लोंबकळत होती. तिसरं, ते करडं, क्षितिजनं अंगात घातलं आणि नीलकंठ मनात नसतानाही खुर्चीत पुढे सरकला. काय बसलं होतं ते! खांदा नेमका खांद्यावर, कॉलर मानेला धरून, पाठीत एक सुरकुती नाही.

"आत वजन आहे?"

"आहे. तेच ठेवलंय. रिकामं आहे, गोळ्या काढल्यात."

"बस," नीलकंठ म्हणाला. "ऊठ. नाडी बांध. मागे वळ." क्षितिज बसला, उठला, वाकला, वळला. कुठे काही दिसलं नाही, कुठे काही ओढलं नाही. असा नमुना ऑफिसात आला असता तर नीलकंठनं डोळे मिटून सही केली असती. आणि मग तीस वर्षांच्या सवयीनं तो म्हणाला, "क्षितू, हात वर."

क्षितिजनं दोन्ही हात वर केले.

जॅकेट दोन्हीकडे उघडलं. डाव्या बाजूला आत काळी मूठ दिसली. पण नीलकंठ तिकडे बघतच नव्हता. तो हातांकडे बघत होता. पंजे उघडे, बोटं ताठ, कोपरं कानांशी. पेट्रोल पंपावर हा असाच उभा राहिला असणार. त्या दिवशी कुणीतरी दुसऱ्यानं त्याला म्हटलं असणार, हात वर. आणि पुन्हा कधीतरी कुणी म्हणेल, तेव्हा हे जॅकेट असंच उघडेल, आणि समोरच्याला ती मूठ दिसेल. कपडा खरं बोलत होता. विभानं नीलकंठचा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

"कुठलं मग, बाबा?" क्षितिजनं विचारलं. हात अजून वरच होते. बाबांनी अजून खाली म्हटलं नव्हतं.

"हात खाली घे," नीलकंठ म्हणाला. "खाली घे रे आधी."

त्यानं हात खाली घेतले.

"आखूड आहेत," नीलकंठ म्हणाला.

"काय?"

"बाह्या. आखूड आहेत. तिन्हींच्या. परत कर तिन्ही."

क्षितिजनं डावा हात समोर धरून बघितलं. बाही मनगटाच्या हाडावर बसली होती, जिथे बसायला हवी बरोबर तिथेच. बाही कुठे बसते हे त्या पोराला कुणी शिकवायला नको होतं. बोलायला लागला तेव्हापासून तो तेच ऐकत आला होता. कपड्याबद्दल बाप एकदाही खोटं बोललेला त्याला आठवत नव्हतं. त्यानं दुसरा हात धरला. तीही तशीच.

"आणि आतलं?" त्यानं विचारलं. "त्याचं काय करू?"

"त्यातलं मला काही कळत नाही, बाळा," नीलकंठ म्हणाला. "खरंच नाही कळत. जॅकेटाचं विचारलंस, जॅकेटाचं सांगितलं. बाह्या आखूड आहेत."

क्षितिज खाली मान घालून बाहीकडे बघत राहिला. मग त्यानं जॅकेट उतरवलं, खुर्चीच्या पाठीवर ठेवलं, आणि नुसत्या शर्टावर त्या दोघांसमोर उभा राहिला.

"हो बाबा," तो म्हणाला. "आखूडच आहेत."